दर बाराव्या माणसाला वाजणारी चौकट

मित्रांनो, तुमच्यापैकी निम्म्यांनी मला शिव्या दिल्या आहेत आणि उरलेल्यांनी मनातल्या मनात दिल्या आहेत. तेव्हा आता जरा माझंही ऐकून घ्या. मी एक जुनी चौकट आहे. मोठ्या करमणूक उद्यानाच्या दारात जी उभी असते, जिच्यातून एकेकाने आत जायचं असतं आणि अंगावर लोखंडाचं काही असलं की जी ओरडते, तीच मी. आता मी दारात नाही. मागच्या आवारात, मोडक्या होड्या आणि मान तुटलेला लाकडी घोडा यांच्याशेजारी भिंतीला टेकून उभी आहे. घोड्याचं बरं आहे, त्याचे मुलांनी कधीतरी लाड केले होते. मला ज्याने हात लावला त्याने ढकलायलाच लावला.

एका कारखान्यात माझा जन्म झाला. माझ्या दोन्ही खांबांत तांब्याच्या तारेची वेटोळी बसवली, डोक्यावर एक लाल आणि एक हिरवा दिवा लावला. शेवटी माझी परीक्षा घ्यायला चष्मा लावलेल्या एक कारागीर बाई आल्या. बुटात एक लहानसा खिळा लपवून त्या माझ्यातून गेल्या. मी वाजले. त्या परत फिरल्या, खिळा काढून पुन्हा गेल्या. मी गप्प. माझ्या खांबावर थाप मारून त्या म्हणाल्या, "ही कुणाची भीडभाड ठेवणार नाही." माझं एवढं एकच कौतुक झालं, आणि ते मी अजून जपून ठेवलं आहे.

मग मला या उद्यानाच्या दारात उभं केलं. मला वाटलं होतं, इथे मुलं येणार, हसणार, आपण आनंदाच्या दारात उभं राहणार. आनंद पलीकडे होता हो, माझ्या अलीकडे होती रांग. पहाटे उठून, मुलांना नवे कपडे घालून, तासभर उन्हात ताटकळलेली माणसं माझ्यापर्यंत पोचत तेव्हा त्यांच्या अंगाची लाही लाही झालेली असे. तिकिटाच्या खिडकीवरचा राग, गाडी लावायला जागा मिळाली नाही तो राग, घरून निघताना नवराबायकोत झालेली तणतण, सगळं माझ्यापाशी येऊन बाहेर पडायचं. चाव्या काढून ठेवा म्हटलं की चाव्या आपटायच्या. पट्टा काढा म्हटलं की पट्टा भिरकावायचा.

माझ्या उजव्या अंगाला एक टेबल होतं. त्यामागे ताई उभ्या राहत आणि पिशव्या तपासत. खाण्याचे डबे आणि पाण्याच्या बाटल्या आत न्यायच्या नाहीत असा नियम होता. नियम ताईंनी केला नव्हता, पण ऐकून घ्यायला त्याच होत्या. "तुम्ही काय स्वतःला कोण समजता?" हे वाक्य मी एवढ्या वेळा ऐकलं आहे की मला ते पाठ आहे. ताई म्हणायच्या, "दादा, बाटली इथे पिंपात टाका, आत पाणी मिळतं." आत पाणी मिळायचं हे खरंच. माझ्यापासून दहा पावलांवर काचेचा फ्रिज होता आणि त्यात तीच बाटली दुप्पट भावाने मिळायची. ताईंच्या घरी कमावणाऱ्या त्या एकट्या. धाकटी बहीण परिचारिकेचं शिक्षण घेत होती, आणि तिचं शेवटचं वर्ष होईपर्यंत ही नोकरी टिकवायचीच, असं ताई मामांना सांगायच्या.

मामा म्हणजे माझ्या डाव्या अंगाला खुर्चीवर बसणारे जुने पहारेकरी. मिशा पांढऱ्या, बुटांना रोज पॉलिश. मी वाजले की ते त्या माणसाला बाजूला घेऊन हातातल्या दांडीने तपासायचे. दोघंही मला पुसून काढायचे. तेवढंच मायेचं.

एके दिवशी मी एका गृहस्थांना तीनदा वाजले. तिन्ही वेळा माझं बरोबर होतं, त्यांच्या आतल्या खिशात किल्ल्यांचा जुडगा होता आणि ते तो विसरले होते. तिसऱ्या वेळी त्यांनी माझ्या खांबाला लाथ घातली. रांगेतल्या लोकांनी टाळ्या वाजवल्या. माझ्या आतलं एक वेटोळं तुटलं आणि तेव्हापासून मी भ्रमिष्टासारखी झाले. तान्ह्या बाळाला वाजायची आणि पाने-पक्कड घेऊन आलेल्या नळवाल्याला मुकाट सोडायची.

ताईंनी साहेबांना सांगितलं. साहेब म्हणजे प्रवेशदाराचे प्रमुख, कमरेला किल्ल्यांचा भलामोठा झुबका लटकवून फिरणारे. ते म्हणाले, "सुट्ट्यांचे दिवस आहेत. दुरुस्तीला दोन दिवस गेट बंद ठेवू? चौकट दिसली म्हणजे झालं. लोकांना धाक वाटला पाहिजे."

"पण साहेब, कुणी खरंच काही घेऊन आत गेलं तर?" ताईंनी विचारलं.

"आजपर्यंत गेलंय का कुणी?"

आणि साहेबांनी माझी तार भिंतीतून काढली, गुंडाळून टेबलाखाली सरकवली आणि भिंतीत रिकाम्या झालेल्या प्लगच्या जागी दुसरा फ्रिज लावला. माझ्या दिव्यांवर 'कृपया एकेकाने यावे' अशी पाटी चिकटवली. पण नुसती मुकी चौकट लोकांच्या लक्षात येईल, म्हणून त्यांनी एक युक्ती काढली. घराच्या दारावर असते तशी साधी बेल, दोन सेलवर चालणारी, माझ्या डोक्यामागे बांधली. तिची बारीक तार माझ्या पायावरून उतरवून चटईखालून मामांच्या खुर्चीपर्यंत नेली आणि टोकाला बटण लावलं. बटण मामांच्या उजव्या बुटाखाली.

"दर बाराव्या माणसाला दाबायचं," साहेबांनी सांगितलं. मामांनी तोंड वाकडं केलं. साहेबांनी आठवण करून दिली, की या वयात दुसरीकडे काम मिळणार नाही. मामांनी उजवा बूट बटणावर ठेवला.

मित्रांनो, ज्या चौकटीने बुटातला खिळा ओळखला होता, तिच्या नावावर आता दारावरची बेल वाजू लागली. मामा अंगठ्याने बोटांची पेरं मोजायचे. चार बोटं, बारा पेरं. करंगळीच्या टोकाला अंगठा पोचला की बूट खाली जायचा. आणि ज्याच्या अंगावर सुईसुद्धा नाही असा माणूस माझ्याकडे डोळे वटारून बघायचा. तो मला शिव्या द्यायचा, आणि माझ्यात वीजच नव्हती. पण मामांचं मन मऊ होतं. बारावं माणूस म्हातारं असलं, किंवा कडेवर मूल घेतलेली बाई असली, की ते त्यांना सोडायचे आणि मागच्या धडधाकट माणसाला वाजवायचे. साहेबांची लबाडी कुणी पकडली नव्हती. पकडली गेली ती मामांच्या या दयेमुळे.

त्या दिवशी रांग रस्त्यापर्यंत गेली होती. एक आजी, त्यांचा मुलगा, सून आणि नात माझ्यासमोर आले. आजींच्या हातात काठी होती आणि प्लास्टिकच्या पाकिटात घातलेला एक कागद. कागद ताईंपुढे धरून त्या म्हणाल्या, "हे डॉक्टरांचं पत्र. माझे दोन्ही गुडघे पोलादाचे आहेत बाई. मी सगळीकडे वाजते. दवाखान्यात वाजते, बँकेत वाजते. म्हणून आधीच सांगते, उगाच घाबरू नका."

ताईंनी मामांकडे पाहिलं. मामांचा अंगठा करंगळीच्या टोकावर होता. बाराव्या आजीच होत्या. त्यांनी नेहमीप्रमाणे दया केली.

आजी माझ्यातून गेल्या. काहीच वाजलं नाही. पलीकडे जाऊन त्या थबकल्या. मागोमाग मुलगा आला. त्याने पट्टा, घड्याळ, चाव्या सगळं ट्रेमध्ये ठेवलं होतं आणि एका हाताने पँट धरली होती. बेल वाजली.

"अहो, आता काय कातडं काढून ठेवू?" मुलगा ओरडला. मागची रांग हसली, मग चिडली. "चला ना पुढे. लहान मुलं आहेत उन्हात."

आजी मात्र परत आल्या. पुन्हा माझ्यातून गेल्या, पुन्हा आल्या. काठी जमिनीवर आपटून त्यांनी जाहीर केलं, "ही चौकट बंद आहे. मी वाजत नाही म्हणजे काय?"

मित्रांनो, आयुष्यात पहिल्यांदा कुणीतरी माझ्याविषयी खरं बोललं होतं. पण रांगेत वणवा पेटला. तासभर उभं करून ठेवलं ते या खोट्या चौकटीसाठी? आमच्या बाटल्या काढून घेतल्या त्या कशासाठी? टेबलाला गराडा पडला. एकाने ट्रे उधळला. एक बाई ताईंच्या तोंडासमोर बोट नाचवत होत्या. ताई पिशवीचा बंद घट्ट धरून उभ्या होत्या, कुणाची पिशवी होती तेही त्यांना आठवत नव्हतं.

गलका ऐकून साहेब आले. त्यांनी एका नजरेत सगळं जोखलं आणि हात वर केले. "शांत व्हा. चौकट ठणठणीत आहे. या ताईंनी आजींना बाजूच्या वाटेने सोडलेलं दिसतंय. ओळखीपाळखीवर सोडतात ही माणसं. मी त्यांना आत्ताच घरी पाठवतो."

"मी मधून गेले. तीनदा," आजी म्हणाल्या.

"वयोमानाने होतं असं, आजी."

"माझे गुडघे बदललेत, डोकं नाही."

पण आजींचं कोण ऐकतो? गर्दीला एक माणूस मिळाला होता. "काढा तिला," मागून कुणीतरी म्हणालं. "काढाच," आणखी चौघं म्हणाले. मगाशी माझ्यावर भुंकणारे तेच आवाज होते. ताईंचे डोळे भरून आले. मला वाटलं, आत्ता एकदा, फक्त एकदा मला वीज द्या. या माणसाच्या कमरेला अर्धा किलो लोखंड आहे, मी आभाळ फाटेल इतकी वाजेन. पण माझी तार टेबलाखाली पडली होती.

"खात्री करून देतो," साहेब म्हणाले. त्यांनी कमरेचा झुबका उंच धरून सर्वांना दाखवला. "ही वाजली की चूक कुणाची ते ठरलं." आणि मामांकडे असं पाहिलं की ते मला समजलं, ताईंना समजलं आणि मामांना तर समजलंच.

साहेब ऐटीत चालत आले. मामांचा बूट बटणावर होता. बूट जरासा दाबायचा, ताई घरी जाणार, मामांची खुर्ची शाबूत. रोज शंभरदा केलेलं काम. मी मामांच्या चेहऱ्याकडे पाहिलं नाही, मला बुटाकडेच बघायचं होतं.

साहेब माझ्या बरोबर मध्ये आले तेव्हा मामांनी पाय उचलला, आणि उजवा पाय डाव्या गुडघ्यावर टाकून ते खुर्चीत आरामात बसले.

किल्ल्या खुळखुळल्या, बाकी काही वाजलं नाही. साहेब मागे गेले, पुन्हा आले. झुबका हलवला. पुन्हा गेले. एक मूल खुदकन हसलं. आजींनी काठीचं टोक टेबलाखाली घालून ओढलं, तर माझी गुंडाळलेली तार धुळीसकट बाहेर आली. "आणि हिची जागा कुणी घेतलीय?" असं म्हणून त्यांनी काठी भिंतीकडे केली. भिंतीत फ्रिजची तार होती.

पुढे काय झालं ते तुम्ही ओळखलं असेल. लोकांनी पिंप उपडं करून बाटल्या परत घेतल्या. काहींनी आपल्यापेक्षा चांगली बाटली उचलली. मग सगळे झोक्यांकडे आणि घसरगुंड्यांकडे पळाले. जाताना ताईंची माफी एकट्या आजींनी मागितली. "माझ्यामुळे तुमच्यावर आलं," त्या म्हणाल्या.

ताईंची नोकरी राहिली. बहीण शिकतेय. दारात नवी चौकट आली आहे. ती खरी वाजते, त्यामुळे रांग आणखी लांबली, आणि परवाच एकजण म्हणत होता, "जुनी बरी होती, कटकट करत नव्हती." साहेबांची बदली झाली, याहून मोठ्या दारावर. मामांना पुढच्या महिन्यापासून येऊ नका म्हणून सांगितलं. गणवेश परत द्यायला ते मागच्या आवारात आले तेव्हा त्यांनी मला पाहिलं. हातात पत्र्याचा डबा, कमरेला पट्टा, खिशात चाव्या, काहीही न काढता ते माझ्यातून सावकाश चालत गेले. पलीकडे जाऊन वळले. "तुझ्या नावावर फार खोटं वाजवलं गं मी," ते म्हणाले, आणि माझ्या खांबावर थाप मारून निघून गेले.

मित्रांनो, अशा गोष्टीच्या शेवटी आम्ही वस्तू म्हणतो, आम्हाला जपा, आमची दुरुस्ती करा. मीही ते म्हणते, पण माझं गाऱ्हाणं वेगळं आहे. त्या दिवशी रांगेत तीन-चारशे माणसं होती. सगळ्यांना भांडता येत होतं. सगळ्यांना आपापल्या बाटल्या आठवल्या. मामांचं काय झालं, हे मात्र त्यानंतर कुणी येऊन विचारलं नाही. मी विचारलं असतं. पण मी तारेशिवाय मुकी आहे. तुम्हाला बोलायला कुणी तार जोडावी लागत नाही.