पाच दहाची फेरी

विजयेंद्ररावांनी सत्तावीस वर्षं चेन्नईच्या सिटी बसची वेळापत्रकं केली, पण नातलगांसाठी एक थांबासुद्धा कधी इकडचा तिकडे केला नाही. ऑफिसात याचं कौतुक होतं. त्यांना स्वतःला तर जरा जास्तच होतं.

त्या वर्षी मेट्रोची नवी मार्गिका सुरू व्हायची होती. स्टेशनांपर्यंत माणसं आणायला बस हव्या होत्या आणि नव्या गाड्या यायला अजून वर्ष-दीड वर्ष होतं. तोवर रिकाम्या धावणाऱ्या फेऱ्या बंद करून त्या गाड्या तिकडे वळवायच्या, असं वरून ठरलं. कोणत्या फेऱ्या रिकाम्या जातात ते काढायला सल्लागार कंपनीचा गंधार नावाचा पुण्याचा इंजिनिअर आला होता. हुशार होता, मेहनती होता. मराठी बोलणारा साहेब भेटला म्हणून विजयेंद्ररावांच्या टेबलाशी येऊन बसायचा. त्यांची तंजावरची मराठी ऐकून आधी हसायचा, मग पुन्हा पुन्हा ऐकायचा.

शेवटच्या बैठकीत यादीतली एक फेरी चर्चेला आली. शहराच्या दक्षिण टोकाला नदीकाठच्या लोकांना हलवून वसवलेली वसाहत आहे, तिथून पहाटे पाच दहाला सुटून टी. नगरला जाणारी. सरासरी तिकिटं अकरा.

विजयेंद्ररावांचा हात कागदावर थांबला. त्यांची धाकटी विधवा बहीण कनका त्याच वसाहतीत राहत होती. टी. नगरला लागूनच असलेल्या नुंगंबाक्कमच्या एका मुलींच्या वसतिगृहात ती स्वयंपाक करायची आणि रोज याच बसने जायची. त्या बसला उभं राहायलाही जागा नसते, हे तिने कितीदा सांगितलं होतं. बायकांना प्रवास फुकट असला तरी प्रत्येकीला शून्याचं तिकीट द्यायचं असतं. पण पहाटेच्या अंधारात, त्या गर्दीत कंडक्टर ते फाडतच नसे. अकरा तिकिटं पुरुषांची होती. चाळीस-पन्नास बायका कुठल्याच आकड्यात नव्हत्या.

गंधारने विचारलं, "सर, या फेरीबद्दल तुम्हाला काही माहिती आहे? ठेवायचं काही कारण?"

समोर विभागप्रमुख गुरुमूर्ती बसले होते. कनका कुठे राहते हे त्यांना ठाऊक होतं. आपण तोंड उघडलं तर हा माणूस मनात काय म्हणेल, एवढंच विजयेंद्ररावांना त्या क्षणी दिसलं.

"नाही," ते म्हणाले. "काही नाही." आणि त्यांनी सही केली.

फेरी बंद झाली त्या दिवशी कनकाचा फोन आला. "अण्णा, आमची बस काढली की रे! तुझ्या ऑफिसात विचारशील काय?"

"विचारतो."

त्यांनी विचारलं नाही. बायका शेअर ऑटोने जाऊ लागल्या. एकेका ऑटोत दहा-अकरा जणी, दोघी ड्रायव्हरच्या शेजारी टेकलेल्या. सतराव्या दिवशी हायवेला लागायच्या आधी खड्डा चुकवताना ऑटो उलटला. कनकाच्या शेजारच्या घरात राहणारी, एका ऑफिसात झाडलोट करणारी विमला जागीच गेली. कनकाचा उजवा हात ऑटोच्या दांडीखाली सापडला. डॉक्टरांना तीन बोटं काढावी लागली.

सरकारी दवाखान्यात ती बँडेज छातीशी धरून पडली होती. विजयेंद्रराव स्टुलावर बसले आणि त्यांनी सगळं सांगितलं. बैठक, गंधारचा प्रश्न, स्वतःचं उत्तर. "बहिणीसाठी बस ठेवली असं कुणी म्हणू नये म्हणून गप्प राहिलो," ते म्हणाले.

कनकाने वर फिरणाऱ्या पंख्यावरची नजर त्यांच्याकडे वळवली.

"माझं नाव नव्हतं घ्यायचं, सरी, कबूल," ती म्हणाली. "पण त्या बाकीच्या बायका तुझ्या कोण होत्या रे, अण्णा? त्यांचं सांगायला काय झालं होतं?"



दुसऱ्या दिवशी त्यांनी टिपण लिहिलं. तिकिटांचा आकडा चुकीचा होता, हे आपल्याला सही करतानाच माहीत होतं, असं स्पष्ट लिहून खाली नाव घातलं. गुरुमूर्तींनी ते दोनदा वाचलं. "राव, हे कशाला?" एवढंच म्हणाले, पण कागद पुढे पाठवला. गंधारचा चेहरा उतरला. "सर, मी तुम्हाला विचारलं होतं," तो म्हणाला. मग स्वतःच धडपड करून त्याने वसाहतीच्या थांब्यावर तीन दिवसांची पहाटेची मोजणी मंजूर करून घेतली.

पहिल्या दिवशी थांब्यावर सहा माणसं आली. दुसऱ्या दिवशी चार. तिसऱ्या दिवशी तीन.

विजयेंद्रराव तिन्ही दिवस तिथे उभे होते. जी बस येतच नाही तिची वाट बघायला कोण येणार? काही बायका पहाटे चारलाच चालत हायवेला जात होत्या. काहींनी मुलं सासूकडे ठेवून मालकिणीच्याच घरी मुक्काम टाकला होता. बऱ्याच जणींचं काम सुटलं होतं. हे सगळं त्यांनी अहवालात लिहिलं. महिन्याभराने उत्तर आलं: प्रत्यक्ष मोजणीत मागणी आढळली नाही, फेरी पूर्ववत करण्याची आवश्यकता नाही.

"आता आकडे बरोबर आहेत, सर," गंधार हताशपणे म्हणाला. "याच्यावर मी काय बोलू?"

त्या रविवारी विजयेंद्रराव वसाहतीत गेले. वसतिगृहाने दुसरी बाई ठेवली होती. कनका डाव्या हाताने भात कालवायला शिकत होती. आपल्या घरी चल, असं ते तिसऱ्यांदा म्हणाले आणि तिने तिसऱ्यांदा नकारार्थी मान हलवली.

"मला सांगितलंस तसं विमलाच्या मुलीला जाऊन सांग," ती म्हणाली. "पावम, बिचारीला वाटतंय आईचं नशीब."

ते व्हरांड्यात आले, शेजारच्या दारापाशी थांबले. परत फिरावंसं वाटत होतं. दार वाजवलं. अठरा-एकोणीस वर्षांची मुलगी बाहेर आली. त्यांनी तिला तमिळमध्ये सगळं सांगितलं, आपली सहीसुद्धा. ती चौकट धरून ऐकत राहिली.

"मग बस परत चालू होणार का?" तिने विचारलं. "आईच्या जागी आता मी जाते. साडेसहाला पोचावं लागतं."

"नाही," विजयेंद्रराव म्हणाले.

तिने मान डोलावली आणि दार लावून घेतलं.