व्हर्लच्या तळघरातली मधली खुर्ची

व्हर्ल होस्टेटलरच्या तळघरात दोन स्पीकरच्या बरोब्बर मधोमध एक खुर्ची होती. गाणं तिथंच नीट जमून यायचं. बाजूच्या बाकांवर नुसते उष्टे सूर. दरवर्षी ऑक्टोबरातल्या एका रविवारी, चर्च सुटल्यावर, आमच्या ओहायोतल्या त्या गावात ऐकणाऱ्यांच्या क्लबाची परीक्षा व्हायची. जिंकेल त्याला हिवाळाभर ती खुर्ची, आणि रेकॉर्डही त्याच्याच पसंतीची.

अकरा वर्षं ती खुर्ची माझ्याकडे होती.

आता खरं सांगतो. चाळीस वर्षं मी मोटारींचे पत्रे ठोकायच्या कारखान्यात होतो. बारीक सूर माझ्या कानांना कधीच सोडून गेले. पण खुर्ची सोडायची म्हणजे ती ओरिन स्टकीला जाणार, आणि ओरिनला वाफेच्या इंजिनांच्या रेकॉर्डचं वेड. हिवाळाभर झुकझुक कोण ऐकणार?

परीक्षा अशी. थेल्माची गोधडी दोरीवर टांगायची. तिच्यामागे तिचा नवरा व्हर्ल ओव्हनचे जाड हातमोजे घालून अ‍ॅम्प्लिफायरचे तापलेले, दिव्यासारखे उजळणारे काचेचे व्हॉल्व्ह बदलणार. गाणं तेच, बाई तीच, व्हॉल्व्ह निराळे; ते कुठल्या देशाचे, हे ऐकून चिठ्ठीवर लिहायचं. जर्मन लावले की गाणारीच्या दातांतली फट ऐकू येते. इंग्रजी लावले की आवाज इतका गोड होतो, की एकदा व्हर्लच्या कुत्र्याने स्पीकर चाटून पुसला, मी डोळ्यांनी पाहिलंय. रशियन म्हणजे ढोल छातीवर, पण बाईला पडसं झाल्यासारखं.

मला यातलं काही ऐकू यायचं नाही. पण गोधडीच्या वरून व्हॉल्व्हचा उजेड छतावर जायचा आणि तिथून ओरिनच्या टकलावर पडायचा. निळसर म्हणजे रशियन, केशरी म्हणजे इंग्रजी, फिका पिवळा म्हणजे जर्मन. मी डोळे मिटल्यासारखे करून ते टक्कल वाचायचो.

बाराव्या वर्षी ओरिन लोकरीची टोपी घालून आला.

"अरे, तळघरात टोपी?" मी म्हटलं.

"सर्दी आहे, क्लीट. तुला काही अडचण?"

"मला कसली अडचण, लेका!" म्हणालो खरा, पण माझी अकरा वर्षांची युक्ती त्या टोपीखाली गेली होती.

मग सुचलं. टक्कल झाकलं तरी तोंड उघडंच होतं ना! ओरिनचे कान अस्सल. इंग्रजी लागले की त्याचे डोळे आपोआप मिटतात, जर्मनला भुवई वर जाते आणि रशियनला लिंबू चावल्यासारखं तोंड होतं. मी डोळ्यांच्या फटीतून त्याच्याकडे लक्ष ठेवलं.

पहिलं गाणं झालं. डोळे मिटले. मी चिठ्ठीवर 'इंग्रजी' लिहिलं. दुसऱ्याला भुवई वर. 'जर्मन'. तिसऱ्याला असं लिंबू चावलं की माझेच दात आंबले. 'रशियन'.

व्हर्ल हातमोज्यांसकट बाहेर आला. चिठ्ठ्या वाचल्या, परत वाचल्या.

"दोघांचं एकच उत्तर."

"म्हणजे बरोबरी!" मी म्हटलं.

"म्हणजे तिन्ही चूक. होते जर्मन, रशियन, इंग्रजी. एखादं चुकलं तर समजू शकतो रे, पण दोघांनी तीनही चुकवायचे, तेही सारखेच?"

मी ओरिनकडे पाहिलं, ओरिनने बुटांकडे.

"टक्कल झाकलं की हा माझं तोंड वाचणार, हे मला ठाऊक होतं," तो पुटपुटला. "म्हणून मुद्दाम खोटी तोंडं केली. पुढचं तोंड कुठलं करायचं याच नादात गाणं ऐकायचं राहून गेलं. मग जी तोंडं केली तीच लिहिली."

"वा रे अस्सल कान!" मी म्हटलं.

"तू बोलू नकोस, टक्कलचोरा!"

तेवढ्यात मोहरी घातलेल्या भरल्या अंड्यांचं ताट घेऊन जिन्यात उभी असलेली थेल्मा खाली आली. तिने कागदी रुमाल नवऱ्याच्या हातात ठेवला. त्यावर पेन्सिलीने लिहिलेलं: जर्मन, रशियन, इंग्रजी.

"तुला कसं गं कळलं?" व्हर्लने विचारलं.

"पहिल्यात बाई श्वास घेताना ऐकू आली. दुसऱ्यात तिचं नाक चोंदलं. तिसऱ्यात ती मलाच काहीतरी सांगत होती. त्यात काय कळायचंय? तुम्ही पुरुष ऐकता तरी काय इथं बसून?"

"पण ती क्लबात कुठं आहे?" ओरिन म्हणाला.

"अंडी खायची आहेत ना, भाऊ?"

ओरिनने हात पुढे केला. थेल्माने ताट त्याच्या मांडीवर ठेवलं, मधल्या खुर्चीत बसली, पाय पुढे पसरले आणि म्हणाली, "इंग्रजी राहू द्या आत. आणि ती गोधडी धुवायला टाका आधी."

तो हिवाळा आम्ही दोघांनी भिंतीजवळच्या बाकावर काढला. मला बारीक काही ऐकू येत नाही हे ओरिनला एव्हाना समजलं होतं. गाणं चालू असताना तो माझ्या कानाशी तोंड आणून सांगायचा, "आता व्हायोलिन आलं." मी मान डोलवायचो. व्हायोलिन त्या रेकॉर्डमध्ये नव्हतंच, हे मला एप्रिलमध्ये थेल्माने सांगितलं.