बाईसाहेबांचे केस

"सशीण पोटाचे केस उपटतेय हो," न्हावी म्हणाला आणि त्याने कंपाउंडरच्या डाव्या गालावरून वस्तरा खाली आणला. "कालपासून चाललंय. खरूज असणार. तुमच्या दवाखान्यात एखादं मलम असेल तर बघा."

कंपाउंडर जनावरांच्या दवाखान्यात होता. गालाला वस्तरा लागलेला असताना तो जपून बोले.

"तिला दिवस गेलेत ना?"

"भरत आलेत."

"मग खरूज कसली! पिल्लांसाठी गादी करतेय ती. आजउद्या विणार. ते केस तेवढे हलवू नका."

वस्तरा हवेतच थांबला.

"झाडले मी," न्हावी म्हणाला. "काल एकदा, आज सकाळी एकदा. गवत काढून खोकंसुद्धा ओल्या फडक्याने पुसून घेतलं."

त्याचंही खरं होतं. तीस वर्षांत त्याच्या दुकानात फरशीवर पडलेला केस पाच मिनिटं टिकला नव्हता. जेवताजेवता उठून झाडणारा माणूस तो. सशीण मात्र नातीची. मुलीची बदली झाली, नव्या घरात जनावर चालणार नव्हतं, म्हणून सशीण आजोळी आली. तिच्या नखऱ्यांमुळे आजी तिला बाईसाहेब म्हणे. पिल्लं झाली की पहिल्यांदा मला दाखवायची, असं वचन घेऊनच नात गाडीत बसली होती. थंडीसाठी न्हाव्याने काही बाकी ठेवलं नव्हतं. दुकानामागच्या पडवीत लाकडी खोकं विटांवर चढवलं, तीन बाजूंनी गोणपाट ठोकलं, दार वाऱ्याच्या उलट्या अंगाला ठेवलं, आत कोरडं गवत भरलं. एवढं सगळं करून वर स्वच्छता केली.

"टाकलेत कुठे?" कंपाउंडरने विचारलं.

"दुकानाच्या पोत्यात. गिऱ्हाइकांच्या केसांत." न्हाव्याने वस्तरा खाली ठेवला. "माणसाचे नाही का चालायचे? पोतंभर आहेत."

"छे! लांब केस पिल्लांच्या पायाला गुंडाळले जातात. पाय जातो कामातून."

न्हाव्याने पोतं वर्तमानपत्रावर पालथं केलं आणि तिथेच बैठक मारली. कापून खाली पडलेल्या केसाकडे त्याने जन्मात कधी पाहिलं नव्हतं. आता तो एकेक पुंजका बोटांत चोळून बघू लागला. पोस्टमास्तरांचे पांढरे, पण राठ. ड्रॉइंगच्या मास्तरांचे कलप लावलेले. सशिणीचे तेवढे बोटाला चिकटत आणि फुंकर मारली की उडत. अर्ध्या तोंडाला साबण तसाच ठेवून कंपाउंडरही शेजारी उकिडवा बसला. बाकावरचं एक गिऱ्हाईक "हे काय दुकान झालं?" म्हणत निघून गेलं.

मूठभर केस जमले असतील नसतील, तोच मागून बायकोने हाक मारली, "अहो, या लवकर! झाली!"

पाच होती. बोटाएवढी, गुलाबी, मिटल्या डोळ्यांची, ओलसर फळीवर पडलेली. बाईसाहेब कोपऱ्यात बसल्या होत्या. पोट, छाती, सगळं उघडं.

"तिच्या अंगावर आता काढायलासुद्धा काही उरलं नाही हो," बायको म्हणाली.

कंपाउंडरने एकेकाला बोट लावून पाहिलं. "ही तीन गार पडलीत. पण ऊब देऊन बघितल्याशिवाय गेली म्हणायचं नाही."

कोरड्या गवतात जमलेले केस पसरून दोन पिल्लं त्यात ठेवली. गार पडलेली तीन न्हाव्याने सदऱ्याच्या आत, पोटाशी घेतली आणि तो भिंतीला टेकून बसला. त्याला लाज वाटत होती. कंपाउंडर अर्ध्या दाढीनिशी कामावर गेला. तासाभराने पोटाशी काहीतरी वळवळलं. एकच. उरलेली दोन त्याने दुपारपर्यंत तशीच धरून ठेवली. मग बायकोने ती सोडवून घेतली आणि एका धुतलेल्या टॉवेलात गुंडाळली.

संध्याकाळी नातीचा व्हिडिओ कॉल आला. "तीनच झाली म्हणा," बायको कुजबुजली. "एवढ्याशा पोरीला कशाला सांगायचं?" न्हाव्याने मान डोलावली आणि फोन खोक्यावर धरला.

"तीन?" नात ओरडली. "आजोबा, तीनच?"

"पाच झाली होती," न्हावी म्हणाला. "दोन गेली. बाईसाहेबांनी त्यांच्यासाठी केस काढून ठेवले होते. मी कचरा समजून झाडले."

पलीकडे नातीचा चेहरा फोनच्या अगदी जवळ आला.

"मुद्दाम?"

"नाही गं. कळलं नाही मला."

"ती दोन कुठायत? मला बघायचीत."

बायकोने हातानेच नको नको केलं. न्हाव्याने टॉवेल मांडीवर घेतला, उलगडला आणि फोन त्याच्यावर धरला. नातीने नाक ओढलं. रडली मात्र नाही.

"आजोबा, झाका ना त्यांना," ती म्हणाली. "थंडी वाजेल."

"हो," न्हावी म्हणाला. फोन बायकोच्या हातात देऊन त्याने टॉवेलची एक बाजू आत घेतली, मग दुसरी.