माझ्या नावावरचा दुसरा शेक

हुपरीतून गाडी निघाली तशी अप्पांनी मला तीन अटी घातल्या. हसायचं नाही, मध्ये बोलायचं नाही आणि स्वतःहून काही मागवायचं नाही. माझं नाव क्रांती ठेवणारा बाप तो हाच. नववीपर्यंत पाहुणे आले की मी आतल्या खोलीत पळायचे. गेल्या महिन्यात जिल्ह्याच्या वक्तृत्व स्पर्धेत ढाल जिंकली आणि तेव्हापासून अप्पा मला चारचौघांत नेताना देवाचं नाव घेतात.

कार्यक्रम आक्काचा होता. आक्का म्हणजे पवित्रा, माझी मोठी बहीण. तिला बघायला येणारा मुलगा घरी बसून अमेरिकेच्या कंपनीचं काम करतो. म्हणजे राहतो कोल्हापुरात आणि झोपतो अमेरिकेत. त्याची सकाळ रात्री नऊला होते, म्हणून आमचे कांदेपोहे रात्री दहाला! तेही कसबा बावड्याच्या रस्त्यावर नव्यानं निघालेल्या, रात्री एकपर्यंत चालणाऱ्या ‘रेट्रो डायनर’मध्ये. आई मावशीकडं निपाणीला गेली होती, नाहीतर तिनं नुसती वेळ ऐकूनच स्थळ मोडलं असतं.

आक्काचं म्हणणं एकच होतं. आमच्या चांदीच्या कारखान्यात पैंजणांची नवी नक्षी तीच काढते. लग्नानंतरही रोज एसटीनं हुपरीला येऊन काढणार. हे चालत असेल तर पुढचं बोलू.

“असलं पहिल्या भेटीत विचारत न्हाईत,” अप्पा म्हणाले.

“मग कधी विचारायचं? अक्षता पडताना?” मी मध्येच म्हणाले.

दुसरी अट वेशीवरच मोडली.

डायनर म्हणजे काय, तर लाल रेक्झिनची बाकडी, काळ्यापांढऱ्या फरश्या आणि भिंतीवर टांगलेली जुनी मोटारसायकल. अप्पांनी तशीच एक दहा वर्षांपूर्वी भंगारात घातली होती. इथं तिच्यावर दिवा सोडला होता. अप्पा तिच्याकडं बघत राहिले, सोडलेल्या स्थळाकडं बघावं तसे. वेटर झुपकेदार मिशांचा, डोक्यावर कागदाची टोपी, गळ्यात बो, छातीवर ‘जॉनी’ अशी पाटी.

“बोला पावणं, काय आणू? आन् मला ज्ञानू म्हना. पाटी मालकाची हाय.”

समोर मुलगा शशिधर आणि त्याची आई, शिवम्मा काकू. काकूंनी मेनू ताब्यात घेतला तो थेट शेवटपर्यंत. पाच जणांना पाच सँडविच, मिरची न घालता. कुणाला काय पाहिजे, असं विचारण्यात त्यांनी वेळ घालवला नाही.

“आणि शशीला गरम दूध, हळद घालून. त्याचा घसा धरतो.”

“हळदीचं दूध न्हाय ओ मावशी हितं. शेक हाय.”

“शेकात दूध असतंय न्हवं? मग तेवढं दूध तापवून आणा. हळद माझ्यापाशी हाय.”

आणि खरोखर पर्समधून हळदीची डबी निघाली! अप्पांची अट आठवून मी गालाचा आतला भाग चावला. शशिधरचं वय एकोणतीस. तो मेनूवरच्या चॉकलेट शेकच्या फोटोकडं असा बघत होता, जसं दावं आखूड पडलेलं रेडकू म्हशीकडं बघतं.

“मला चॉकलेट शेक,” आक्का म्हणाली. “क्रांतीला पण एक. तुम्हाला?”

शशिधरनं आईकडं बघितलं. “नको. घसा...”

“रात्रीचं गारडं पोरींनी घेऊ नये,” काकू म्हणाल्या. पण ज्ञानू तोवर गेला होता. देवमाणूस.

सँडविचमधून चटणी सांडली ती नेमकी काकूंच्या इरकली साडीवर. त्या बेसिनकडं गेल्या. अप्पाही उठले, आधी त्यांना बेसिन दाखवायला आणि मग मोटारसायकल जवळून बघायला. टेबलावर आम्ही तिघंच. मी माझा शेक संपवत होते आणि ऐकू येत नाही असं दाखवत होते. दोन्ही कामं मला चांगली जमतात.

आक्कानं सरळ विचारलं, “लग्नानंतर मी रोज हुपरीला कामाला जाणार. चालेल?”

“चालेल की!” शशिधर म्हणाला. आईच्या गैरहजेरीत त्याचा आवाज चांगला भरदार होता. “उलट मला अभिमानच वाटेल. मम्मीला मी सांगतो. तुम्ही अजिबात काळजी करू नका.”

आक्का त्या रात्री पहिल्यांदा हसली. मलाही तो बरा वाटला, उगाच कशाला खोटं बोलू? आक्कानं आपला शेक ओठालाही लावला नव्हता. तो तिनं त्याच्यापुढं सरकवला.

“घ्या थोडा.”

त्यानं बेसिनकडं एकदा बघितलं आणि स्ट्रॉ तोंडात धरला. थोडा कसला! एका दमात तळ. शेवटी ‘खर्रर्र’ असा आवाजसुद्धा आला. तेवढ्यात काकूंच्या चपला वाजल्या. त्यानं टिशूनं तोंड पुसलं आणि रिकामा ग्लास अलगद माझ्यापुढं ढकलला. इतक्या सफाईनं की हात सरावाचा वाटला.

काकू बसल्या, पाठोपाठ अप्पा. काकूंनी आधी माझ्याकडं बघितलं, मग माझ्यापुढच्या दोन रिकाम्या ग्लासांकडं.

“दोन-दोन? एवढीशी पोरगी! खायला-प्यायला लई लागतंय की हो तुमच्यात.”

अप्पांनी माझ्यावर डोळे वटारले. मी तोंड उघडलं, जिल्ह्यात पहिलं आलेलं तोंड. पण टेबलाखाली आक्काचा पाय माझ्या पायावर दाबून बसला. ती शशिधरकडं बघत होती. थांब, बोलेल तो, असं काहीतरी तिच्या चेहऱ्यावर होतं.

आणि तो बोलला की!

“असू दे मम्मी. लहान आहे ती.”

म्हणजे मला माफीसुद्धा मिळाली. मग त्यानं हळदीच्या दुधावर फुंकर मारली.

माझ्या पायावरचा पाय निघाला.

“काकू,” आक्का म्हणाली, “लग्नानंतर मी कारखान्यात कामाला गेले तर तुम्हाला चालेल का?”

“न्हाय,” काकूंनी एका शब्दात निकाल दिला. “आमच्यात सुना कामाला जात न्हाईत.”

आक्कानं शशिधरकडं बघितलं. मीही बघितलं. मम्मीला सांगायची एवढी चांगली वेळ पुन्हा कधी येणार होती? त्यानं दुधाचा एक घोट घेतला. सावकाश.

“बरं झालं तुम्ही तोंडावर सांगितलंत,” आक्का काकूंना म्हणाली. “माझा तुमच्यावर राग नाही. पण हे जमायचं नाही.”

“काम बिम सोड म्हटलं म्हणून?” काकूंनी विचारलं.

“नाही. शेकमुळं.”

काकूंना काही कळलं नाही. शशिधरला कळलं, कारण त्याला अचानक शिफ्टची आठवण झाली. दोघं गेले. हळदीची डबी मात्र काकूंनी आठवणीनं पर्समध्ये टाकली.

अप्पा डोकं धरून बसले. “सोन्यासारखं स्थळ गेलं. आणि क्रांते, तुला दोन शेक ढोसायला कुणी सांगितलं होतं?”

“अप्पा, मी एकच प्यायले.”

“मग दुसरा?”

मी आक्काकडं बघितलं. ती टिशूनं टेबल पुसत होती. ग्लास गोळा करायला आलेला ज्ञानू मात्र गप्प बसणाऱ्यातला नव्हता.

“त्या पावण्यानं वडला की! म्या काउंटरपासनं बघिटलं. आन् गलास ह्या पोरीम्होरं सारला.”

अप्पांनी तो रिकामा ग्लास उचलून तळापर्यंत बघितला.

“आणि वर म्हणाला, लहान आहे, असू दे,” मी आठवण करून दिली.

“माझ्या पोरीवर ढकललं व्हय त्यानं?” अप्पा एवढंच म्हणाले. मग मेनू उचलला, चष्मा वर केला, खाली केला, आणि मेनू आक्कापुढं ठेवला. “तुझा शेक राहिलाय न्हवं? सांग त्याला. मलाही एक सांग. बघू तरी काय असतंय एवढं त्यात.”

आक्कानं दोन शेक सांगितले. अप्पांनी पहिल्या घोटाला तोंड वाकडं केलं, “लई गारडं हाय,” म्हणाले आणि स्ट्रॉ सोडला नाही. आक्का उद्याच्या नक्षीचं काहीतरी बोलत होती आणि अप्पा मान डोलवत होते.

“आणि मला?” मी विचारलं.

अप्पांनी माझ्याकडं अगदी गंभीरपणे बघितलं.

“तुझे दोन झालेत.”