स्वयंपाकिणीचे हात

"पुन्हा एकदा," टॅम्सिन म्हणाली, आणि नोरीनने नववं गाजर फळीवर आडवं टाकलं.

डाव्या हाताची बोटं आत वळवून तिने सुरी चालवली. पाच-सहा सेकंदांत गाजराच्या एकसारख्या चकत्या पडल्या आणि त्या तिने पात्यानेच बाजूला सारल्या. कॅमेरा तिच्या मनगटापासून वीतभर अंतरावर होता. दिव्यांची धग तोंडावर येत होती, आणि अंगात वरून पिवळा रबरी रेनकोट. घामाचा ओघळ मानेवरून पाठीत उतरला.

"कट. नोरीन, सुंदर चिरता तुम्ही. पण जरा रागानं चिरा ना."

"गाजरावर कसला राग काढू?"

"अहो, ते गाजर नाहीच. म्हणजे तिच्या मनात गाजर नाहीये."

"मग मला गाजर कशाला दिलंय?"

मागे कुणीतरी फिसकन हसलं. टॅम्सिनने वळून पाहिलं तसं ते हसू थांबलं. ही दिग्दर्शिका जेमतेम तिशीची, बोलायला गोड, पण चार दिवसांत तिने एक गोष्ट एकदाच करून समाधान मानलंय असं नोरीनने पाहिलं नव्हतं. बाहेर मे महिन्याचं लख्ख ऊन पडलं होतं, उत्तर इंग्लंडच्या या कंब्रियात वर्षातून मोजून दहा दिवस पडतं तसलं, आणि या लोकांनी स्वयंपाकघराच्या सगळ्या खिडक्यांना काळा कागद चिकटवला होता. सिनेमात रात्र होती म्हणे. आधी उजेड झाकायचा आणि मग आठ दिवे लावायचे. नोरीनने त्यावर बोलायचं सोडून दिलं होतं.

तिला खरं तर जेवण करायला बोलावलं होतं. चाळीस माणसांचं, पंधरा दिवस. तळ्याकाठचं हे केंद्र बंद पडून बरीच वर्षं झाली तरी किल्ल्या तिच्याकडेच असत. कौन्सिल इथे शहरातली वांड पोरं पाठवायचं, तीन-तीन आठवडे, डोंगर चढून आणि होडी वल्हवून सरळ व्हायला. त्यांना नोरीनने बावीस वर्षं रांधून घातलं होतं. आता तशाच पोरांवर हा सिनेमा निघाला होता. मँचेस्टरहून धाडलेली सहा मुलं आणि त्यांना एकेक करून टिपणारा, पिवळ्या रेनकोटातला कुणीतरी. पहिले तीन दिवस ती कामातून डोकं वर काढून बघत होती आणि दरवेळी तिचं पित्त खवळत होतं. दोघांचा मुडदा पडलेला असताना तिसरी मुलगी एकटीच, दिवा न लावता, होड्यांच्या शेडमध्ये जायची.

"इथली पोरं असली बावळट नव्हती," ती त्या मुलीचं काम करणाऱ्या जोडी नावाच्या नटीला म्हणाली होती. "एकाला कुणी धक्का मारला तर दहा जण मिळून त्याची सायकल तळ्यात टाकायची."

"मला तेवढंच लिहून दिलंय, आजी," जोडी म्हणाली होती. "आत जा, किंचाळ, मर. बारा पानांत आटपलंय माझं."

आज सकाळी मात्र निराळंच झालं. लंडनहून आलेल्या एका नटीला सुरी धरता येत नव्हती, पेनासारखी धरायची. तेव्हा जवळून दिसणारे हात तुमचे घेऊ या, असं टॅम्सिनने सुचवलं. नोरीन हो म्हणाली. कपडेवालीने रेनकोटच्या आत निळ्या चौकड्यांचा एप्रन बांधला, तेव्हा नोरीनच्या डोक्यात उजेड पडला.

"म्हणजे खुनी स्वयंपाकीण आहे?"

"तुम्हाला कुणी सांगितलं नव्हतं?"

"बावीस वर्षं इथे रांधलंय मी. एका पोराचं पोट बिघडलं नाही."

"अहो, तुमचा काय संबंध," कपडेवाली नाडी ओढत म्हणाली. "सिनेमाच आहे."

दहाव्या गाजराला एक दिवा फटकन उडाला. टॅम्सिनने कपाळाला हात लावला आणि वीस मिनिटांची सुट्टी दिली. नोरीन रेनकोटसकट बाहेर पडली. ती तावातावाने कोरडघराकडे निघाली, म्हणजे ओले कपडे वाळवायच्या जुन्या खोलीकडे, कारण तिथे क्रेग बसत असे. क्रेगने हा सिनेमा लिहिला होता. ही जागाही त्यानेच शोधली, असं टॅम्सिन सगळ्यांना सांगायची. सदतीस-अडतीसचा, हाडकुळा, कुणात न मिसळणारा. चार दिवसांत तो एकदाही जेवणाच्या खिडकीशी आला नव्हता. गावातल्या दुकानातलं गार सँडविच आणून खायचा. खाण्यापिण्याचे चोचले असतील, म्हणून नोरीनने त्याचा नाद सोडला होता.

तो लॅपटॉप मांडीवर घेऊन गरम पाण्याच्या थंड पडलेल्या पाइपांना टेकून बसला होता.

"एक विचारायचंय," नोरीन दारातूनच म्हणाली. "स्वयंपाकीणच का? पोस्टमन चालला नसता? पाद्री करायचा. माळी करायचा. चाळीस जणांचं पोट माझ्या हातात आहे, आणि तुम्ही मलाच पोरं मारायला लावताय. गावात मला तोंड दाखवायचंय की नाही?"

क्रेगने तिच्याकडे पाहिलं. मग लॅपटॉप मिटला.

"तुम्ही मला ओळखलं नाहीत, मिसेस ब्रेथवेट."

इथे सगळे तिला नोरीन म्हणत. मिसेस ब्रेथवेट फक्त पोरं म्हणायची, जुनी.

"तू इथे होतास?"

"फेब्रुवारी नव्व्याण्णव. सॅल्फर्डहून आलो होतो. तेरा वर्षांचा."

"बाळा, वर्षाला चारशे पोरं यायची. कुणाकुणाचे चेहरे ध्यानात ठेवणार?" तिचा आवाज थोडा उतरला होता, पण राग अजून गेला नव्हता. "आणि मी काय वाईट केलं तुझं? कधी उपाशी ठेवलं?"

"नाही."

"कधी हात उगारला?"

"नाही. तुम्ही कुणालाच काही केलं नाहीत." तो खाली बघत म्हणाला. "वेन नावाचा मुलगा होता माझ्या खोलीत. इथला प्रशिक्षक हॅरॉप त्याला होड्यांच्या शेडमध्ये न्यायचा आणि पाण्यात डोकं दाबून धरायचा. वेन रडायचा थांबला की सोडायचा. थंडीत. रोज."

बाहेर कुणीतरी दिव्याची केबल फरफटत नेत होतं.

"एका बुधवारी मी स्वयंपाकघरात आलो. तुम्ही एकट्याच होतात. मी तुम्हाला सगळं सांगितलं. तुम्ही ऐकून घेतलंत, माझ्या हातात एक फडकं दिलंत आणि म्हणालात, आलाच आहेस तर ताटं पूस. शुक्रवारी वेन पळाला."

पुढचं तिला सांगायची गरज नव्हती. सगळ्या खोऱ्याला ते ठाऊक होतं. त्या शुक्रवारी बर्फ पडत होतं आणि मुलगा पायांत कापडी बूट घालून डोंगर ओलांडायला निघाला होता. रविवारी दुपारी मेंढपाळाच्या कुत्र्याला तो भिंतीच्या आडोशाला गारठून मेलेला सापडला. चौकशी झाली. मुलगा आधीपासूनच पळपुटा होता, असं त्या चौकशीत ठरलं.

"पोलिसांना मीही सांगितलं," क्रेग म्हणाला. "त्यांनी विचारलं, आणखी कुणाला माहीत होतं? मी तुमचं नाव घेतलं. ते तुमच्याकडे गेले आणि परत येऊन मला म्हणाले, खोटं बोलू नये, पोरा. त्यानंतर मी कुणाला सांगितलं नाही. पुढे पुढे तर मलाच वाटायला लागलं की मी तुमच्याकडे आलोच नव्हतो. नुसतं मनात बोललो असेन."

"मला आठवत नाही," नोरीन म्हणाली.

"हं."

"खरंच आठवत नाही रे."

"मी कुठे काय म्हणतोय," तो म्हणाला आणि त्याने लॅपटॉप पुन्हा उघडला.

स्वयंपाकघरात नवा दिवा बसला होता. तिला पुन्हा त्याच जागी उभं केलं, रेनकोटची बाही दोन बोटं वर सरकवली, अकरावं गाजर हातात दिलं. टॅम्सिन थकलेल्या गोड आवाजात म्हणाली, "हे बघा, तुम्हाला काही करायचंच नाहीये. फक्त तिला कळलंय की दाराबाहेर एक पोर उभं आहे. बस. एवढंच मनात आणा."

नोरीनने सुरी उचलली. पहिली चकती पडली, दुसरी पडली. मग हात थांबले. डावा हात गाजरावर तसाच राहिला आणि उजवा सुरीसकट फळीवर टेकला. आता तिला चिरायचं होतं, आणि बोटं हलत नव्हती. कॅमेरा चालू होता. कितीतरी वेळाने तिने सुरी खाली ठेवली, हलकेच, आवाज होऊ नये अशी.

"कट!" टॅम्सिनने टाळीच वाजवली. "हेच! हेच हवं होतं मला! सकाळपासून मी काय वेगळं सांगत होते? अंगावर काटा आला हो. नोरीन, कसं सुचलं तुम्हाला?"

नोरीनने रेनकोटची बटणं सोडली. एक अडकलं तेव्हा तिने ते ओढून तोडलं. रेनकोट ओट्यावर टाकून ती दाराकडे निघाली.

"अहो, हाताशी असावा म्हणून अजून एकदा घेऊ ना! तसंच! अगदी तसंच!"

क्रेग आता बाहेर, वाहनतळाच्या दगडी कठड्यावर बसला होता. उन्हाने डोळे बारीक करून तळ्याकडे बघत होता. नोरीन त्याच्यासमोर उभी राहिली तरी त्याने मान वळवली नाही.

"ताटं नव्हती ती," ती म्हणाली.

"काय?"

"ताटं आधीच पुसून झाली होती. मी तुला मोठ्या पातेल्याचं झाकण दिलं. ते तुझ्या हातात मावत नव्हतं, म्हणून तू छातीशी धरलंस. आणि एकच जागा पुसत राहिलास, गोल गोल. मी म्हटलं, वाळलं ते, दे इकडे. तर तू देईनास."

क्रेगचं तोंड किंचित उघडलं. त्याने दोन्ही हात कठड्यावर घट्ट टेकले, जणू तो कठडाच हलत होता.

"माझ्या छातीशी होतं," तो स्वतःशी म्हणाला. "हो. थंड होतं."

"पोलीस आले तेव्हा मी सांगितलं, पोरं मजेत असतात इथे. माझ्याकडे कुणी आलं नाही. सही केली मी त्याच्यावर." ती थांबली, दम लागल्यासारखी. "हॅरॉप जिवंत आहे. तिकडे केंडलच्या बाजूला, मुलीकडे असतो. दर नाताळात कार्ड येतं त्याचं. तो जबाब बदलायचा तर कुठे जावं लागतं?"

"पेनरिथच्या पोलीस ठाण्यात जाऊ शकतो."

"तुझी गाडी आहे ना?"

ते गाडीत बसले. स्वयंपाकघराच्या दारात टॅम्सिन आली होती, हातातले कागद हलवत काहीतरी ओरडत होती, आणि तिच्यामागून दोघे-तिघे डोकावत होते. क्रेगने किल्ली लावली, पण फिरवली नाही.

"का?" त्याने विचारलं. "एवढंच सांगा मला. तुम्हाला भीती वाटली का त्याची? नोकरी जाईल म्हणून?"

नोरीनने पट्टा ओढून लावला. ती समोरच्या काचेतून बघत होती. खोटं सांगायला चांगली दोन कारणं होती, आणि त्यानेच ती पुढे करून ठेवली होती.

"नाही रे," ती म्हणाली. "हॅरॉप मला गॅसची सिलिंडरं आत आणून द्यायचा. माझी पाठ दुखायची ना तेव्हा. न सांगता आणायचा."

क्रेग पुढच्या शब्दांची वाट बघत राहिला. पुढे काही नव्हतं.

"एवढ्यासाठी?"

"एवढ्यासाठी."

मग क्रेगने गाडी सुरू केली, आणि वळण घेण्याआधी, नोरीनच्या बाजूने कुणी येत तर नाही ना, ते नीट बघून घेतलं.