अदलाबदलीचा रविवार

थांबणं मला जमत नाही. एमआरटीची मेट्रो गाडी दोन मिनिटांनी येणार असली तरी मी फलाटावर येरझाऱ्या घालतो. अशा माणसाच्या हाती मुलांची हॉकी टीम देऊ नये. पण २००६ साली इथल्या सेंगकांग वस्तीतल्या आम्हा मराठी पालकांनी रविवारची लीग काढली आणि चारपैकी एक टीम माझ्या गळ्यात पडली.

मुलं वाटून घ्यायला आम्ही रीतसर ड्राफ्ट केला. हॉकर सेंटरमध्ये, म्हणजे खाण्याच्या टपऱ्यांच्या मंडईत, कॉफी पीत चौघा कोचनी आळीपाळीने एकेक नाव उचलायचं. चिठ्ठीत पहिली पाळी माझी आली आणि मी पूर्वी नावाच्या अकरा वर्षांच्या मुलीला उचललं. चाचणीत तिने सात गोल मारले होते. आनंदाच्या भरात मी माझ्या मुलाची, नीलची, लहानपणची स्टिक तिला बक्षीस दिली.

"लकी आहे ही. फायनलपर्यंत हीच वापरायची, बरं का!" असं बजावलंही.

ही जानेवारीतली गोष्ट. मग काय बिनसलं कोण जाणे. मार्चमध्ये पूर्वी अडखळायला लागली आणि मेमध्ये चेंडू तिच्या पायांमधून आरपार जायला लागला. मी ओरडलो, समजावलं, ऑफिसात हाताखालच्यांचा लिहितो तसा तिचा सहामाही रिव्ह्यूसुद्धा लिहिला: 'अपेक्षेपेक्षा कमी'. आणि दुसऱ्या टीमचा कोच पद्मनाभ याने अगदी शेवटी उचललेला अथर्व, जो जानेवारीत स्टिक उलटी धरायचा, तो दर रविवारी गोल मारत होता! पद्मनाभ तुआसच्या कारखान्यात इंजिनियर. शिकवायचा म्हणून काही नाही. उन्हात छत्री धरून उभा राहायचा आणि कुणी काहीही चुकलं तरी "चालेल, चालेल" म्हणायचा. माझ्या अंगाचा तिळपापड व्हायचा.

नियमाप्रमाणे जूनच्या शेवटच्या रविवारी, मॅचच्या आधी, एक खेळाडू बदलता यायचा. अथर्व मला आणि पूर्वी पद्मनाभला, असं मी सुचवलं. पद्मनाभ एका पायावर तयार झाला. तेव्हाच मला संशय यायला हवा होता.

"नील तीन वर्षांचा होईपर्यंत बोलत नव्हता," घरून निघताना माझी बायको मीनल म्हणाली. "तेव्हा त्याला बदलून आणलंस का?"

"ते वेगळं."

"हो, तेव्हा नियम नव्हता ना!"

मैदानावर पूर्वी एकटीच सराव करत होती. कसं सांगावं याची मी मनात जुळवाजुळव करत होतो, तेवढ्यात तीच आली आणि तिने स्टिक माझ्यापुढे धरली.

"आय नो, काका. अथर्व येणार ना? इट्स ओके लाह," ती इथल्या पोरांच्या ढंगात म्हणाली. " ही त्याला द्या. लकी आहे."

तिचे डोळे भरले होते. मी खाली मान घातली आणि तेव्हा कुठे मला ती स्टिक नीट दिसली. टेकवून धरली तर ती पूर्वीच्या जेमतेम मांडीपर्यंत येत होती. यायला हवी कमरेपर्यंत. पोरगी सहा महिन्यांत चांगली चार बोटं वाढली होती आणि केर काढल्यासारखी वाकून खेळत होती.

"अगं, दुसरी का नाही घेतलीस?"

"बाबांनी आणलीय. बॅगेत आहे. पण तुम्ही म्हणालात ना, फायनलपर्यंत हीच."

लाजून मी ती आखूड स्टिक तिच्या हातातून काढून घेतली.

"काय, करायची ना अदलाबदल?" पद्मनाभ छत्रीसकट हजर झाला.

"नाही," मी म्हणालो. "पूर्वी, ती नवी स्टिक काढ."

"अरेरे," पद्मनाभ मनापासून हळहळला. "ती माझ्याकडे आल्या आल्या मी तिची स्टिकच बदलणार होतो."

"म्हणजे तुला माहीत होतं? मग सांगायचं नाही?"

"तू थांबून ऐकतोस कधी?"

पद्मनाभच्या टीमशी मॅच सुरू झाली. इतके महिने वाकून खेळलेल्या पूर्वीला ती लांब स्टिक आवरेना. पहिला फटका तिने हवेतच मारला. दुसऱ्याने मैदानाबाहेर ठेवलेला माझा थर्मास आडवा केला. अथर्वने पाच गोल मारले, आमचा भोपळाही फुटला नाही. दर चुकीला पूर्वी घाबरून माझ्याकडे बघत होती.

"चालेल, चालेल!" मी ओरडलो आणि पद्मनाभच्या छत्रीखाली जाऊन उभा राहिलो.