मनकर्णाबाई आणि माझं अकरावं अक्षर

मी शार्दूलविक्रीडित बोलतोय. वृत्त आहे मी, कवितेचा साचा. नाव वाचूनच पोरं परीक्षेत मला सोडून देतात. द्या सोडून. मलाही तुमची हौस नाही.

ओळीत एकोणीस अक्षरं, बाराव्यानंतर जरा थांबायचं. म, स, ज, स, त, त हे गण आणि शेवटी एक गुरू, एवढंच माझं गणित. तेही डोक्यात शिरत नसेल तर लग्नातली मंगलाष्टकं आठवा. ती बहुतेक माझ्यातच बांधतात.

आणि तिथंच माझे हाल करतात. मेडशीचे रामराव गुरुजी जन्मभर शाळेत वृत्तं शिकवून रिटायर झाले. आता नात्यातल्या प्रत्येक लग्नात स्वतः रचलेली मंगलाष्टकं म्हणतात. एखाद्याचं नाव सुटलं की तो न जेवताच निघून जातो, म्हणून सगळ्यांना कोंबतात. ऱ्हस्व ओढायचं, दीर्घ दाबायचं, मेलो मी.

यंदा त्यांच्या भाचीचं, वैजयंतीचं लग्न होतं. अंतरपाट धरला आणि गुरुजी सुरू झाले. ओळींत जऊळक्याचे साडू आले, मंगरूळपीरचे व्याही आले, ट्रॅक्टरवाले किसनसिंगही माझ्या घशात घातले. पोरीची आई तेवढी आली नाही. मनकर्णाबाई, गुरुजींची सख्खी बहीण, मांडवाच्या टोकाला खांब धरून उभी होती.

“मामा, मायचं नाव काहून नाई घेतलं?” वैजयंतीनं अंतरपाटाआडून विचारलं.

“वृत्तात बसत नाई ना बाई ते. मी काय करू?”

अस्सा संताप आला मला. किसनसिंगला घेताना कुठं गेलं होतं वृत्त? बाई विधवा आहे, शुभकार्यात तिचं नाव नको, एवढं बोलायची हिंमत नाही आणि खापर माझ्यावर! कोणाला वगळायचं हे मी कधी सांगितलं?

भटजी म्हणाले, “मुहूर्त चालला.”

“जाऊ द्या. मी म्हणतो मंग,” वैजयंती म्हणाली आणि तिनं स्वतःच चाल धरली.

“माझी माय उभी पहा, मनकर्णाबाई तिचे नाव हो...”

अठरा अक्षरं चोख उतरली. अकरावं, नावातला ‘क’, तेवढं पुढच्या जोडाक्षरानं जड, म्हणजे गुरू पडलं. तिथं लघू हवा होता. गुरुजींनी सवयीनं चूक दाखवायला बोट वर केलं. मग टोकाला बहीण तोंडाला पदर लावून रडताना दिसली आणि त्यांनी बोट खाली घेतलं. पहिल्या अक्षता त्यांनीच टाकल्या, बहिणीच्या दिशेनं.

पोरांनो, माझे गण पाठ करा, नाहीतर नापास व्हा, मला काय त्याचं! पण ती ओळ कधी समोर आली आणि त्या अकराव्या अक्षराखाली कोणी लाल रेघ मारली, तर गाठ माझ्याशी आहे.